कातळ सगळा सारखा नसतो

महोदय,

घाटात दरड कोसळली की ‘सह्याद्रीचा एवढा टणक कातळ सुटतोच कसा?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर खडकाच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला हा बेसाल्ट नावाने एक असला, तरी गुणाने एक नाही. थराच्या मधल्या भागातला काळा पाषाण जवळजवळ न वाकता भार पेलतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम तडकतो. माथ्याकडचा, वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला खडक मात्र पुष्कळ कमी दाबाला, पोकळ्यांच्या भिंती चिरडत, दबत जातो. दोन थरांमधला तांबडा पट्टा तर भिजल्यावर नखाने कोरता येतो. मी स्वतः कोरून पाहिला आहे.

शिवाय घट्ट पाषाणही थंड होताना आक्रसून उभ्या भेगांनी चिरलेला असतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब हे त्याचेच देखणे रूप. या भेगांतून झिरपलेले पाणी तांबड्या पट्ट्याशी अडते, पट्टा मऊ पडतो आणि वरचा शाबूत कातळ आधाराविना निखळतो. प्रयोगशाळेत मुठीएवढ्या तुकड्याची मोजलेली ताकद म्हणूनच अख्ख्या कड्याची नसते.

आमच्याकडील घाटरस्त्याच्या रुंदीकरणात मात्र सगळे थर एकाच उभ्या उताराने कापले आहेत. निदान तांबडा पट्टा उघडा पडेल तिथे उतार सौम्य ठेवावा आणि पाण्याला वाट काढून द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा