घाट आधी, स्टेशनं नंतर

सातारा, रविवार

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मॉडेल रेल्वेचा आराखडा मिळाला आणि टेप घेऊन लगेच खाली गेलो. तळघर आतून २२ फूट बाय १४ भरतं, छत आठ फुटांना जरा कमी. दार उत्तरेला. दक्षिणेची भिंत अख्खी मातीत, कारण त्या बाजूनं अजिंक्यताऱ्याचा उतार थेट आपल्या घरावर येतो. तू खोली १६ फूट रुंद धरली आहेस, ते दोन फूट मला कुठे सापडले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. रुळांच्या फळ्यांचे तीन मजले नकोत. खाली मिरज, मध्ये सातारा आणि वर महाबळेश्वर! अगं, बापाची उभी हयात रेल्वेच्या पर्मनंट वेमध्ये, म्हणजे रुळांच्या खात्यात गेली आणि त्याच्याच तळघरात तू महाबळेश्वरला रेल्वे नेतेस? बरं, हौसेला मोल नाही असं धरून चालू. पण तीन मजले म्हणजे सगळ्यात खालचा गुडघ्याच्या जरा वर आणि सगळ्यात वरचा माझ्या कपाळाला. खालच्यावर घसरलेला डबा उचलायला मांडी घालून बसायचं आणि वरच्यासाठी स्टूल आणायचं. दोनच कर. खालचा जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर, वरचा १३५ वर. मधल्या ४० सेंटिमीटरमध्ये हातही जातो आणि दिवाही बसतो. फळीची आत जाणारी खोलीही बेतानं ठेव, खाली फार तर ६० सेंटिमीटर. हात पोचत नाही तिथे टाकलेला सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा जोड, नेमका त्याच दिवशी अडकतो, हे खऱ्या रुळावरही असंच आहे.

आता तो हेलिक्स, म्हणजे गोल फिरत वरच्या मजल्यावर चढणारा रूळ. कागदावर फार देखणा दिसतो, मान्य. पण हिशेब कर. ६० सेंटिमीटर त्रिज्या म्हणजे एका फेरीत पावणेचार मीटर रूळ, आणि फेरीमागे तू चढ ठेवला आहेस १० सेंटिमीटर. चढ पडतो एकास ३८. बोरघाटात चढ एकास ३७ आहे आणि तिथे गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावतात. त्यात वळणाचं ओझं वेगळंच. आमच्याकडे ब्रॉडगेजला वळणाच्या दर डिग्रीला ०.०४ टक्के चढ कमी करायचा नियम आहे, कारण वळणावर चाक रुळाला घासतं आणि तेही इंजिनाला चढच वाटतं. मॉडेलवाले एचओ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या एकास ८७ आकाराला, ठोकताळा वापरतात तो असा, की ३२ ला त्रिज्येच्या इंचांनी भागायचं, येईल तेवढे टक्के जादा चढ समजायचा. तुझ्या २४ इंचांना ते सव्वा टक्क्याच्या वर जातं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं तुझा हेलिक्स एकास २५ आहे. आठ डब्यांची गाडी त्यावर चढणार नाही, चढलीच तर चाकं फिरवत चढेल.

माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे. चार फेऱ्या म्हणजे १५ मीटर रूळ, आणि तो सगळा पेटीत झाकलेला. ताशी ५० किलोमीटरच्या हिशेबानं स्केलमध्ये चालवलीस तर गाडी दीड मिनिट दिसणारच नाही. चढ हाच तर या मार्गाचा जीव आहे, आणि तू तोच लपवायला निघालीस?

म्हणून मी म्हणतो, लोणंद ते वाठार घे. नीरेचं खोरं सोडून गाडी सालपे, आदर्की करत वाठारच्या पठारावर येते, तो घाट लहानपणी खिडकीतून मान बाहेर काढून तूच पाहायचीस आणि आईचा ओरडा खायचीस. खालच्या मजल्यावर लोणंद. तिथे कांद्याच्या पोत्यांचा माल धक्का करता येईल, आणि २०१९ ला फलटणची गाडी सुरू झाली तेव्हापासून तुला एक फाटाही मिळालेला आहे. लोणंद सोडलं की रूळ भिंतीला पाठ लावून चढायला लागेल आणि खोलीची एक पूर्ण फेरी मारून वरच्या मजल्यावर निघेल. दार आणि चार कोपऱ्यांची वळणं वजा जाता मला साधारण १८ मीटर मिळतात. ४० सेंटिमीटरला १८ मीटर, म्हणजे एकास ४५. कोपऱ्यावर त्रिज्या ७५ ठेव, तिथला चढ थोडा कमी कर आणि सरळीवर भरून काढ. चढ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे एकदम कोन येऊ देऊ नकोस, दोन्हीकडे निदान एका डब्याच्या लांबीइतका गोलावा हवा. नाहीतर कपलिंग सुटेल आणि अर्धी गाडी लोणंदला परत येईल.

यात एक गंमत आहे, ती आराखडा पुन्हा काढताना लक्षात ठेव. वरचा मजला खोलीभर करता येणार नाही. फेरीच्या शेवटी घाट स्वतःच इतका वर आलेला असेल, की त्याच्या डोक्यावर दुसरी फळी मावत नाही. म्हणून वाठार आणि सातारा पहिल्या दोन भिंतींवरच बसव. उरलेल्या दोन भिंती फक्त घाटाच्या. वर मोकळं आभाळ, खाली दरी, आणि काळ्या खडकाचे आडवे थर प्लास्टरमध्ये कोरायला भरपूर जागा. घाटात सांधा मात्र एकही टाकू नकोस. फार तर एक कॅच सायडिंग, म्हणजे उतारावर सुटलेली गाडी अडवणारा बाजूचा रूळ, तेही माझ्या समाधानासाठी.

महाबळेश्वर तुला हवंच असेल तर वाठारला ठेव. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे वाठार स्टेशनवर उतरून पुढे टांग्यानं जायचे. स्टेशनाबाहेर चार टांगे उभे कर, झालं तुझं महाबळेश्वर.

मिरज सोडायचं मलाही जड जातंय. एकाच जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, असं भाग्य किती ठिकाणांना होतं? मी एक गणित करून पाहिलं, तुला आवडेल. मिरजेची नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की ८.८ येतात, आणि एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलचा रूळ बाजारात ९ मिलिमीटरचा मिळतो. जवळजवळ नेमका! उलट आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजला १९.३ हवेत आणि एचओचा रूळ येतो १६.५ चा, म्हणजे आपली मोठी गाडी कायम थोडी आखूड चड्डी घातल्यासारखी दिसणार. तर ती छोटी गाडी, १९२७ ला मिरजेत पोचलेली, पुढे कधीतरी एका वेगळ्या फळीवर करू. त्याच वाटेनं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. ते टँकरही कर. पण ते नंतर. आधी घाट.

लाकडाचं बोललो सुताराशी. तो साधा प्लाय म्हणत होता, मी १२ मिलिमीटरचा मरीन प्लायच हवा म्हणून बसलो. साताऱ्याच्या पावसाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ओल येतेच, त्यामुळे फ्रेम लोखंडी चौकोनी पाइपांची आणि भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवणार आहे, मागून वारा खेळला पाहिजे. तळघरात ऊन येत नाही म्हणून रूळ फारसा वाढणार नाही, पण लाकूड जुलैत फुगतं आणि मार्चमध्ये आकसतं. तेव्हा रुळाच्या जोडावर कागदाच्या जाडीची फट ठेवायची. सगळे जोड डाग देऊन पक्के करून टाकू, असं तू लिहिलं आहेस. ते मी असेपर्यंत होणार नाही.

दाराशी बिजागरीवर फिरणारं एक फाटक करू, खालचा आणि वरचा दोन्ही रूळ त्यावरून. वाकून ये-जा करणं आता माझ्या कमरेला झेपत नाही. फाटक उघडलं की दोन्ही बाजूंच्या एकेक मीटर रुळाचा करंट तुटेल असा मायक्रोस्विच तू बसव, ती विद्या तुझी. डीसीसी, म्हणजे इंजिनांना रुळातून डिजिटल हुकूम देणारी तुझी पद्धत, म्हणजे रुळात करंट कायम असणार. उघड्या फाटकातून इंजिन खाली पडलं तर चार फुटांवरून पडेल, आणि त्याची किंमत तू मला अजून नीट सांगितलेली नाहीस.

खडी मी जमवतोय. क्रशरवरची बारीक कच आणून आईच्या जुन्या चाळणीनं चाळली, वर लोहचुंबक फिरवून घेतला, कारण आपल्या काळ्या दगडात लोखंडाचे कण असतात आणि ते मोटरमध्ये जाऊन बसतात. पण खडी शेवटी टाकायची. पाणी घातलेलं फेव्हिकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एवढ्यानं ती अशी बसते की नंतर रूळ हलवायचा म्हटलं तर छिन्नीच लागते. सगळ्यात लांब गाडी पुढं, मागं, थांबवून, परत उचलून, अशी महिनाभर घाटात चालली पाहिजे. मग खडी.

टेबलाखालची जागा आईनं आताच मागून ठेवली आहे. गव्हाचे डबे, जुनी भांडी आणि तुझीच शाळेची पुस्तकं तिथे जाणार. म्हणून वायरिंग सगळं पुढच्या पट्टीच्या आतून ने, डबे न हलवता हात घालता आला पाहिजे.

सुतार गुरुवारी येतोय. तोवर एवढंच कळव, की लोणंदचं यार्ड दाराच्या डावीकडे धरू की उजवीकडे. फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकणारा रूळ, आणि सांधे तू दिवाळीला येताना आण, कोड १०० चे, म्हणजे उंच रुळाचे. ८३ चे दिसायला नाजूक असतात, पण माझी बोटं आता तेवढी नाजूक राहिलेली नाहीत.

तुझा,
बाबा