‘धाडस’ हा शब्द जरा जपून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत प्रयोगशाळेतली नोकरी सोडून अभिनयाकडे वळलेल्या तरुणावरचा लेख वाचला. मुलगा गुणी दिसतो, त्याचं भलं होवो. पण लेखात ‘धाडस’ हा शब्द 7 वेळा आलाय. मोजायची सवय जुनी आहे, 9 वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये होते. हल्ली मराठीत स्टँडअप करते आणि मालिकांमध्ये नर्स, शेजारीण, बँकेतली बाई अशी दोन-दोन वाक्यांची कामं करते. म्हणजे तुमच्या हिशेबाने मीही धाडसीच. मला मात्र हा शब्द अंगाला बसत नाही.

अशा प्रत्येक लेखात दाखले कुणाचे असतात ते पाहा. डॉ. श्रीराम लागू, डॉ. काशिनाथ घाणेकर, डॉ. मोहन आगाशे, अलीकडे डॉ. निलेश साबळे. सगळे डॉक्टर. माझ्या वडिलांनीही हीच नावं घेतली होती, फक्त उलट्या बाजूने: ‘लागू आधी सर्जन झाले, मग नाटकात गेले. तू काय झालीस?’ तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बाबांचा मुद्दा तुमच्या लेखापेक्षा पक्का होता. लागू 1969 साली पूर्णवेळ नाटकात आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून पुण्यात आणि टांझानियात काम करून झालं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत हौशी नाटक सुटलेलं नव्हतं. डॉक्टरला पाटी घराच्या दारावर लावता येते. दुपारी दवाखाना आणि रात्री प्रयोग, असं जमवता येतं. आम्हा केमिस्ट्रीवाल्यांचं विज्ञान मालकाच्या इमारतीत असतं. गेटवर ओळखपत्र परत दिलं की ते आतच राहतं. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, काही कुणी माळ्यावर ठेवत नाही.

आमच्यासारख्यांना दाखला द्यायचाच तर सतीश आळेकरांचा द्या. शिक्षण जीवरसायनशास्त्राचं, नोकरी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, आणि ती करता करताच नाटकं लिहिली. पण ‘नोकरी टिकवून नाटक केलं’ याचा मथळा होत नाही.

एक संध्याकाळ सांगते. परळच्या दामोदर हॉलला आमच्या एकांकिकेची प्राथमिक फेरी होती, सहाला हजर व्हायचं होतं. माझी पहिली पाळी साडेतीनला सुटणार होती. दुपारी मी एका गोळीचं डिझोल्यूशन लावलं होतं. काचेचे 6 जार, प्रत्येकात 900 मिली द्रावण, तापमान 37 अंश, म्हणजे साधारण आपल्या पोटाइतकं. प्रत्येकात एक गोळी सोडायची, वरून पॅडल संथ फिरत राहतं आणि ठरलेल्या वेळी नमुना काढून किती औषध विरघळलं ते मोजायचं. पाचव्या जारमधली गोळी थोडी कमी विरघळली. पहिल्या टप्प्यात एकच गोळी कमी पडली तरी आणखी 6 गोळ्या लावाव्या लागतात, म्हणजे साडेपाचपर्यंत सुटका नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, ‘तू निघ, मी लावतो. पुढचे दोन रविवार तू ये.’ रजिस्टरमध्ये तशी नोंद केली, दोघांनी सही करून वेळ टाकली आणि मी रबाळ्याहून ठाण्याची गाडी धरली. ठाणे ते दादर लेडीज डब्यात उभ्याउभ्या बेस लावला. एक अनोळखी बाई हातात आरसा धरून होती, गाडी हलली की तीही हलत होती. भुवयांची जबाबदारी तिने स्वतःच घेतली.

फेरीत आम्ही बाद झालो. पण तो सहकारी पुढे 3 वर्षं माझ्या रात्रपाळ्या बदलून देत राहिला. मी जे काही शिकले ते त्या बदललेल्या पाळ्यांमध्ये शिकले. त्याच्यावर लेख येणार नाही.

जून 2022 मध्ये राजीनामा दिला. तेव्हा पगार 38 हजार होता आणि तो 1 तारखेला जमा व्हायचा. मालिकेत एक दिवस काम केलं तर पैसे साधारण 90 दिवसांनी हातात येतात. या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. घोडबंदर रोडच्या सेटवर भांडुपहून जायचं, कॉल सकाळी सातचा, पहिला शॉट दुपारी चारला, आणि रिक्षाचे पैसे मात्र त्याच दिवशी द्यावे लागतात. ओपन माइकचं तर विचारू नका. काही ठिकाणी 4 मिनिटं बोलायला आपणच 200 रुपये भरायचे.

दीड वर्षात शिल्लक संपली. पुन्हा लॅबमध्ये अर्ज केले. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी बायोडेटावर बोट ठेवून विचारलं, ‘हा गॅप कसला?’ मी खरं सांगितलं. त्या हसल्या, अगदी मनापासून, आणि म्हणाल्या, ‘मग तुम्ही परत पळून जाल.’ त्यांचंही चुकलं नाही. सध्या आठवड्यात चार सकाळी मुलुंडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. घराचं भाडं मोल कन्सेप्टवर चालतं.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या गणेशोत्सवात मला 20 मिनिटं मिळाली होती, मानधन 1,500 रुपये, पाककृती स्पर्धेचा निकाल आणि लकी ड्रॉ यांच्या मधली वेळ. सूत्रसंचालकाने माझा बायोडेटा आधी मागून घेतला होता. तो माइकवर म्हणाला, ‘आता आपल्यासमोर येत आहेत, आपल्याच विभागातील शास्त्रज्ञ!’ टाळ्या जोरदार पडल्या. पहिल्या रांगेतली पोरं सरसावून बसली. मी सासूचे दोन विनोद केले, लोकलचा एक केला, मागे बायका हसत होत्या, पण पोरं नुसती माझ्या हाताकडे बघत होती. दहाव्या मिनिटाला एक जण उठून म्हणाला, ‘काकू, धूर कधी निघणार?’ त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. आता मी तो प्रसंग प्रत्येक कार्यक्रमात सांगते. एचपीएलसीवर विनोद करून पाहिले, कुणी हसत नाही. मात्र ‘मी क्यूसीत होते’ म्हटल्यावर आत्या दर दिवाळीला विचारते, ‘म्हणजे मेडिकलमध्ये ना? मग क्रोसिन आणायची चार पाकिटं,’ याला हमखास हशा येतो.

तर विनंती एवढीच. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्या मुलाला विचारा की भाडं कोण भरतं, पाळी कोण बदलून देत होतं आणि शेवटचे पैसे किती दिवसांनी आले. उत्तरं मथळ्याइतकी चमकदार नसतील. पण भांडुप-डोंबिवलीत राजीनामा टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलेली पोरं तुमची पुरवणी वाचतात, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं.

माझं नाव कृपया छापू नये. क्लासच्या पालकांना मी अजून फक्त ‘केमिस्ट्रीच्या मॅडम’ म्हणून माहीत आहे आणि बॅच मार्चपर्यंत आहे.

आपली,
एक वाचक, भांडुप