स्कॉलरशिपच्या खिडकीमागं माणूस नेमा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलींना शंभर टक्के फी माफीचा जीआर ८ जुलै २०२४ ला निघाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सला फायदा, निर्णय चांगलाच आहे त्यात वादच नाही. पण बातमी येते ती योजनेची, ती मुलीपर्यंत पोचवणाऱ्या स्कॉलरशिप क्लार्कची कधीच नाही. बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हेच काम करून रिटायर झालोय म्हणून लिहितोय.

महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म भरला की आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढं खात्याकडं. पोरांना वाटतं सरकारनं पैसे अडवले, आणि फॉर्म पडलेला असतो कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर, कारण अ‍ॅडमिशन, परीक्षा फॉर्म आणि स्कॉलरशिप सगळं एकाच माणसाच्या गळ्यात, तोही कंत्राटी, जरा काम शिकला की दुसरीकडं जातो.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी घरं भरपूर. आधारला मोबाईल नंबर वडिलांचा, वडील पार कोल्हापूर-सांगलीकडं उसाच्या फडात, फोन लागत नाही, आणि पोरगी इथं खिडकीपाशी ओटीपीसाठी ताटकळत. मग टोळीच्या मुकादमाला फोन लावायचा, त्यानं वडिलांना बोलवून आणायचं, वडिलांना मेसेज वाचता येत नसला तर कोपीतल्या (मजुरांच्या झोपडीतल्या) कुणा पोराकडनं आकडे वाचून घ्यायचे, तोवर ओटीपी संपलेला, परत पहिल्यापासून. उत्पन्नाच्या दाखल्यावर नावात काना-मात्रा चुकला की फॉर्म सेंट बॅक, म्हणजे दुरुस्तीला परत, आणि त्याचा मेसेज जातो पुन्हा त्याच फडातल्या फोनवर.

बँकेचं वेगळंच. पोरगी पासबुक घेऊन येते, पैसे आलेच नाहीत म्हणते, आणि ते पडलेले असतात कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात, कारण डीबीटीचे (सरकारकडनं थेट खात्यात येणारे) पैसे आधार शेवटी ज्या खात्याला सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथं जातात. हे तिला कुणी सांगायचं? जाणता क्लार्क असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, नसेल तर वर्ष जातं आणि तोवर कॉलेज फीसाठी तगादा लावतं (ऑफिसातून निरोप आम्हीच द्यायचो, काय बोलणार).

यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजात वंचित गटांतल्या मुलांच्या मदतीसाठी समान संधी कक्ष हवा असं लिहिलंय. आमच्याकडं त्याचा बोर्ड होता, खाली एका प्राध्यापकांचं नाव, त्यांच्याकडं एनएसएस पण आणि नॅकची (कॉलेजच्या दर्जा तपासणीची) फाईल पण, त्यांनी तरी किती ठिकाणी पुरायचं!

सरकारनं नवीन योजना काढायच्या आधी प्रत्येक कॉलेजला स्कॉलरशिपसाठी एक कायम पद भरावं, आणि कुठल्या कॉलेजच्या लॉगिनला किती फॉर्म किती दिवस पडून आहेत ते दर महिन्याला पोर्टलवर सगळ्यांना दिसेल असं टाकावं. आकडे पोर्टलमध्ये आहेतच, फक्त उघडे करायचे आहेत.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, जि. बीड