भूजसारखी तपासणी आमच्या घरकुलांनाही हवी

महोदय,

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी आमच्या सिरोंचा तालुक्यात जमीन हादरली. केंद्र शेजारच्या तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, तीव्रता ५.३. आमच्या घरची भांडी खणखणली, कवेलू सरकले आणि आई धानाच्या खळ्यावरून नातवाला हाका मारत धावत आली. भिंतीला पडलेली भेग आम्ही लिंपली, भीती मात्र गेलेली नाही.

तेव्हापासून २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातले गुजरातमधले भूज सतत आठवते. तटबंदीच्या आतले जुने शहर ढिगारा झाले होते. अरुंद गल्ल्यांत बाहेर पळालेल्यांनाही दोन्हीकडच्या भिंतींनी गाठले. पुढे तिथे रस्ते रुंद झाले, गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले आणि कच्छच्या गावोगावी लोकांनी मदतीच्या हप्त्यांतून आपली घरे स्वतः उभी केली. बांधकाम तपासल्याशिवाय पुढचा हप्ता नाही! आणि कच्छचे भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे, त्या धक्क्यातही बरीचशी टिकली. म्हणजे दोष नुसत्या मातीचा नाही.

आमच्याकडे घरकुलाचे हप्ते मिळतात, पण दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून ठेवणारा सळयांचा सलग पट्टा सगळे गवंडी टाकत नाहीत. थोडे लोखंड वाचते, एवढेच. तालुक्याला गवंड्यांचे शिबिर घ्यावे आणि हप्ता सोडण्याआधी हा पट्टा प्रत्यक्ष पाहावा, ही कळकळीची विनंती. उन्हाळ्यातली बांधकामे सुरू होण्याआधी हे व्हावे.

– एक शेतकरी, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली