बोंडअळी कोणती, तेवढे तरी छापा

महोदय,

‘हरभऱ्यावर बोंडअळीचे संकट’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. सोबत छायाचित्र मात्र कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचे! ती कपाशी सोडून सहसा कुठे जात नाही. हरभऱ्याच्या घाट्यात, म्हणजे शेंगेत शिरते ती घाटेअळी, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा. हीच कपाशीत अमेरिकन बोंडअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोत फळ पोखरणारी. मका, सूर्यफूल, ज्वारीचे कणीस, तिला काहीच वर्ज्य नाही. शिवाय म्हणायला हिरवी, पण तपकिरी, पिवळसर, गुलाबीसरही निघते. भलेभले फसतात.

मीही फसलो. दोन वर्षांपूर्वी तुरीसाठी एक औषध आणले, महिनाभराने शेजारच्या हरभऱ्यासाठी ‘ही अळी वेगळी’ म्हणून दुकानदाराने दुसरे दिले. लेकीने दोन्ही बाटल्यांची लेबले वाचली, तर नावे दोन आणि आतले औषध एकच! पैशांचे सोडा, पण एकच औषध मारत राहिले की अळी त्याला दाद देत नाही. 1987 साली आंध्रातल्या कपाशीवर याच अळीने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचे पाणी केले होते.

या अळीचा पतंग रात्री फिरतो आणि कळ्यांवर, कोवळ्या शेंड्यांवर एकेक सुटे अंडे घालतो. अळी लहान असताना पाने खरवडते. मोठी झाली की तोंड घाट्यात, निम्मे अंग बाहेर. तोवर फवाऱ्याला उशीर झालेला असतो. म्हणून फुलोऱ्यातच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून पतंग मोजायचे. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले, तर हालचाल करायची. आमची आई तुरीखाली पोते अंथरून झाडे हलवायची, टपाटप अळ्या पडायच्या. वडील हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकत. ज्वारीच्या ताटांवर साळुंक्या, कोतवाल येऊन बसत आणि अळ्या टिपत. आता याच कामाला ‘पक्षीथांबे’ म्हणतात आणि त्यासाठी आम्ही काठ्या रोवतो.

तूर फुलात असल्यापासून आपल्या जिल्हा पानावर तालुकावार सापळ्यांतले पतंग किती, एवढा एक चौकोन छापता येईल का? तुरीवर वाढलेली पिढीच पुढे हरभऱ्यावर येते. आणि छायाचित्र तेवढे बघून लावा. आमच्या गावात तो अंक दाखवून दोघांनी कपाशीचे औषध मागितले.

– एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)