शहाबादी फरशीला ॲसिड पाजणारे तज्ज्ञ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत बाथरूम दहा मिनिटांत चकाचक करण्याचा लेख वाचला. फोटो सुरेख. बागेकडे उघडणारी खिडकी, कोपऱ्यात कुंडी, आणि नळावर सुकलेल्या थेंबाचा एक डाग नाही. त्या बाथरूममध्ये बहुधा कोणी आंघोळ करत नसावं.

आम्ही बोअरच्या पाण्यावर जगणारी माणसं. पिण्याच्या पाण्याची जडता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असं भारतीय मानक म्हणतं. आमचं पाणी कुठे बसतं ते शॉवरची जाळी सांगते. अर्धी भोकं क्षाराच्या थराने बुजलेली, उरलेल्यांतून पाणी थेट भिंतीवर.

या थरावर लेखिकाबाईंचा उपाय काय, तर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ओता. फेस येतो खरा, पण तो दोघांनी एकमेकांना संपवल्याचा. थराच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. त्यापेक्षा नुसत्या व्हिनेगरात भिजवलेलं फडकं तोटीला थोडा वेळ गुंडाळून ठेवलं आणि मग स्वच्छ धुतलं, तर क्षार सुटतो. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यानेही सुटतो. फोटोत मात्र फेसच चांगला दिसतो.

इथपर्यंत सोडून दिलं असतं. पण पुढे म्हटलंय, चिवट डागांना ॲसिड लावा आणि शेवटी ब्लीच फिरवा. अहो, ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो! आणि हे काम 'मदतनीस ताईंकडून' करून घ्यायचं आहे. म्हणजे चमक आपल्याला, ठसका ताईंना.

गेल्या दिवाळीआधी सुनेने हौसेने डीप क्लीनिंगवाले बोलावले. गणवेश, हातमोजे, घरघरणारं मशीन, सगळा थाट होता. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने पिशवीतून बिनलेबलची बाटली काढून मोरीत ओतली. आमच्या मोरीत शहाबादी आहे, सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाची, पाय फिरून फिरून गुळगुळीत झालेली. मी ओरडत बाहेर येईपर्यंत फरशी फसफसत होती. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड आणि नळावरचा थरही चुन्याचाच. ॲसिडने फरक करायचा तरी कसा? थर गेला आणि फरशीचा वरचा पापुद्राही गेला. आता ती खरखरीत झालीय, साबणाचा मळ तिच्यात रुतून बसतो. बाजूच्या टाइल्सच्या फटींतलं व्हाइट सिमेंट पोखरलं गेलं, नळाचं क्रोम उडून आतलं पितळ दिसायला लागलं. तक्रार केली तर फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची फरशी जुनी होती." वर सवलतीचं कूपन पाठवलं. सवलत कशावर? पुढच्या क्लीनिंगवर!

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीला ओळखपत्राची आणि नोंदवहीची अट घातली. आपला लेख मात्र 'कोपऱ्यावरच्या दुकानातून' बाटली आणायला सांगतो. त्याच पानावर खाली टॉयलेट क्लीनरची भली मोठी जाहिरात आहे, हा मी योगायोगच समजते.

आंघोळ झाल्यावर वायपरने पाणी ओढून कोरड्या फडक्याने तोटी पुसली तर थर धरायला वेळच मिळत नाही. हे छापलं तर पान कसं भरणार, हेही कळतं. तरी निदान ॲसिड-ब्लीचबद्दलचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्यावा. मागच्यासारखा आतल्या पानावर राशिभविष्याखाली नको. आणि शब्दकोड्याची उत्तरं हल्ली दुसऱ्या दिवशी येत नाहीत, त्याचंही बघा.

आपली,
एक जुनी वाचक, सोलापूर