तलावाचे दुधाळ पाणी आणि ब्लीचिंग पावडरची पोती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावच्या जलतरण तलावांवर मुलांच्या बॅचेस सुरू होतात आणि साधारण त्याच सुमारास तलावांचे पाणी दुधाळ दिसू लागते. त्यावर सर्वत्र एकच उपाय केला जातो, तो म्हणजे ब्लीचिंग पावडर वाढवणे. तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे आणि त्याहून अधिक वर्षे रोज सकाळी पोहत असल्यामुळे या उपायाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले, कारण पुष्कळदा पाणी गढूळ होण्याचे कारण ही पावडरच असते.

आमच्या सोसायटीचा तलाव वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद असून त्यात सुमारे अडीच लाख लिटर पाणी मावते. यंदा मार्चअखेरीस पाणी पांढुरके झाले, तेव्हा देखभालीच्या कंत्राटदाराच्या माणसाने रोज संध्याकाळी पाच-पाच किलो पावडर टाकायला सुरुवात केली. दर सकाळी पाणी आदल्या दिवसापेक्षा अधिक पांढरे दिसे. मग तुरटीचे खडे टाकले गेले, पण मोटर चालूच ठेवल्यामुळे साका खाली बसला नाही. आठव्या दिवशी मी आणि दोन शेजाऱ्यांनी आग्रह धरून पाण्याची तपासणी करवली. सामू, म्हणजेच पीएच, ८.२ निघाला, एकूण क्षारता, म्हणजे सामूतील बदल रोखून धरण्याची पाण्याची ताकद, लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या घरात होती आणि पाणी चांगलेच जड होते. यात नवल काहीच नव्हते, कारण तलाव भरला होता बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने.

या आकड्यांचा अर्थ असा. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन जेमतेम एक तृतीयांश असतो, उरलेल्यात चुना बराच असतो. हा चुना सामू वाढवतो, आणि जड पाण्यातील विरघळलेले क्षार वाढत्या सामूबरोबर कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतात. पाण्याला दुधाळपणा देतात ते हेच चुनखडीचे अतिसूक्ष्म कण, जे वाळूच्या फिल्टरमधून सहज निसटतात. म्हणजे आम्ही पैसे मोजून तलावात चुना कालवत होतो. पावडर वापरायचीच असेल तर ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी तलावात सोडावी, ही पूर्वीच्या माणसांची साधी पद्धत होती. हल्ली घाईत पोतेच रिकामे केले जाते.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण तो अधिक गंभीर आहे. पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपैकी जंतूंना खऱ्या अर्थाने मारतो तो हायपोक्लोरस आम्लाचा भाग, आणि तो किती असेल हे सामूवर ठरते. सामू ७.२ असताना असे आम्ल जवळपास दोन तृतीयांश असते, ७.५ ला निम्मे, आणि ८.२ ला फार तर एक षष्ठांश. म्हणून वहीत ‘क्लोरीन भरपूर’ अशी नोंद असूनही पाणी जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित असू शकते. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान, क्षारता लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम आणि मुक्त, म्हणजे अजून कशाशीही संयोग न पावलेला, क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅम, ही जगभर पाळली जाणारी साधारण पथ्ये आहेत. भारतीय मानक ब्यूरोचेही जलतरण तलावांच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे स्वतंत्र मानक आहे, परंतु तलावाची देखभाल करणाऱ्या किती जणांनी त्याचे नाव ऐकले असेल, याची मला शंकाच आहे.

तपासणीचाही एक घोटाळा आहे. बहुतेक तलावांच्या कपाटात असते ती थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होणारी जुनी पेटी. ती एकूण क्लोरीन दाखवते. त्यातला मुक्त किती आणि घाम व लघवी यांच्याशी संयोग पावून निकामी झालेला किती, हे तिला वेगळे सांगता येत नाही. डोळे चुरचुरतात आणि नाकाला तीव्र वास येतो तो प्रामुख्याने या बद्ध क्लोरीनमुळे, ज्याला क्लोरामाइन म्हणतात. ‘आज वास येतोय, म्हणजे औषध चांगले पडलेय’ हे वाक्य मी तलावाच्या काठावर शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते उलटे आहे. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांनी दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात. आमच्याकडे बद्ध क्लोरीन ०.६ मिलिग्रॅम निघाला. तो मोडायचा तर त्याच्या दहापट मुक्त क्लोरीन एकदम द्यावा लागतो, म्हणजे आमच्या पाण्याला दीड किलो, अर्थात दहा टक्के ताकदीचा सुमारे १५ लिटर हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण). पावडर थोडी थोडी टाकत राहण्याने हे काम होत नाही.

पुढे जे केले ते क्रमाने केले. तीन संध्याकाळी मिळून सुमारे सात लिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, मोठ्या बादलीभर पाण्यात आधी ओतून, मोटर चालू ठेवून खोल बाजूला हळूहळू सोडले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळी सामू पाहिला. तो ७.४ वर आल्यावर तुरटीचे द्रावण सर्वत्र शिंपडले, थोडा वेळ फिल्टर वगळून पाणी फिरवले आणि रात्रभर मोटर बंद ठेवली. सामू आठच्या वर असताना तुरटीचे पुंजके नीट धरत नाहीत, आधीची तुरटी वाया जाण्याचे हेही एक कारण होते. सकाळी तळाशी बसलेला साका व्हॅक्यूमने थेट गटारात काढला, फिल्टरला बॅकवॉश दिला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुतला, आणि त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर हायपो टाकला. त्यानंतर दोन दिवसांत तळाच्या फरशांमधल्या रेषा दिसू लागल्या. यात एकही महागडे औषध नव्हते.

आम्ल आणि हायपो किंवा पावडर यांचा एकमेकांशी कधीही थेट संबंध येऊ देऊ नये, दोन्हींसाठी एकच बादलीही वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या तलावावर जानेवारी २०२४ मध्ये क्लोरीनची गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले होते, ते वाचकांना आठवत असेल. रसायनांचा अंदाजपंचे वापर बड्यांकडूनही होतो: २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लोरीन असलेल्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले, दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केले आणि सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव जगाच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.

पावडरऐवजी हल्ली टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्या लोकप्रिय आहेत. त्या सोयीच्या आहेत आणि त्यांतील सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, हेही खरे. मात्र दर १० मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जाते, आणि ते फार झाले की क्लोरीनचा जंतू मारण्याचा वेग मंदावतो. ते कमी करायचे तर काही पाणी काढून टाकून नवीन भरणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो, जो मे महिन्यात कोणालाच परवडत नाही.

पोहणाऱ्यांचाही यात वाटा आहे, हे मान्य करायला हवे. डोक्याला खोबरेल तेल चोपडून, अंगावर पाणी न घेता थेट उडी मारणारे आपल्यात कमी नाहीत, आणि ते तेल शेवटी फिल्टरच्या वाळूतच जाऊन बसते.

गढूळ पाणी हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर येथे जून २०११ मध्ये सार्वजनिक तलावात बुडालेल्या एका महिलेचा मृतदेह गढूळ पाण्यामुळे दोन दिवस कोणाच्याही नजरेस पडला नाही, आणि त्या दोन दिवसांत तलाव पोहणाऱ्यांसाठी उघडा होता. जीवरक्षक कितीही दक्ष असला तरी त्याला तळ दिसत नसेल तर तो काठावर नुसता उभा असतो. म्हणून महापालिका, शाळा आणि सोसायट्या यांच्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. सर्वांत खोल भागातील निचऱ्याच्या जाळीच्या पट्ट्या काठावरून स्पष्ट दिसत नसतील, त्या दिवशी बॅच रद्द करावी, शुल्क परत करावे लागले तरी. आणि प्रवेशद्वारापाशी फलक लावून सामू, मुक्त क्लोरीन, बद्ध क्लोरीन व बॅकवॉशची तारीख दिवसातून निदान दोनदा लिहावी.

आमच्याकडे असा फलक लागून तीन आठवडे झाले. गेल्या मंगळवारी आणि बुधवारी त्यातले रकाने कोरे होते. ते का, हे विचारायला सकाळच्या बॅचला नातवंडांना घेऊन येणाऱ्या दोन आजी पंपाच्या खोलीपर्यंत गेल्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे